टर्म संपली, पण गेली कशी?

सबमिशन झालं. जर्नलवर सही मिळाली. व्हायवात सरांनी नेमकं न येणारंच विचारलं, तेही आता विसरायला झालं. ग्रुपवर सध्या एकच चर्चा, ट्रिप कुठे काढायची? टर्म संपली की विषय संपला, असं आपण धरूनच चालतो. पण ही टर्म तुमची गेली कशी, असं कुणी विचारलंय का तुम्हाला?

मुंबई, वसई किंवा पुण्यातल्या कॅथलिक शाळेत, म्हणजे आपल्या भाषेत ‘कॉन्व्हेंट’मध्ये शिकला असाल, तर हा प्रश्न ओळखीचा वाटेल. टर्मच्या शेवटी तिथे प्रार्थनासभा होते, कॅथलिक मुलांसाठी मिस्सा असते. काही शाळांत सगळ्यांनाच पाच मिनिटं गप्प बसून मागे वळून बघायला सांगतात. तेव्हा कुणी एक डोळा उघडून शेजारच्याला खुणावतं. कुणी ‘पुढच्या टर्मला मनापासून अभ्यास करीन’ असं ठरावीक वाक्य लिहून सुटतं. चालायचंच!

पण या गप्प बसण्याला मोठा इतिहास आहे. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत इग्नेशियस लोयोला या लढवय्याचा पाय तोफगोळ्याने मोडला. अंथरुणात वाचायला त्याला शूरवीरांच्या कथा हव्या होत्या, मिळाली ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. पडल्यापडल्या त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं व्हायचं. संतांसारखं जगण्याचा विचार केला, की आनंद मागेही रेंगाळायचा. पुढे त्याने सोबत्यांसह येशूसंघ स्थापन केला. या संघाने जगभर शाळा-कॉलेजं काढली. १८६९ चं मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज त्यातलंच.

इग्नेशियसचं ‘स्पिरिच्युअल एक्सरसायझेस’ हे पुस्तक १५४८ मध्ये छापलं गेलं. त्यात आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. आधी देवाचे आभार माना. मग स्वतःच्या चुका दिसाव्यात म्हणून त्याची कृपा मागा. दिवस तासातासाने आठवा. चुकलं त्याची क्षमा मागा. शेवटी, काय सुधारणार ते ठरवा.

क्रम बघा. सुरुवात आभारांपासून आहे. आपण मात्र टर्मचा हिशोब थेट ‘किती गेले?’ पासून मांडतो. नोट्स देणारी मैत्रीण, उशिरा आलात तरी वर्गात घेणाऱ्या मॅडम, झेरॉक्सवाले काका यांचा नंबर लागतच नाही.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. मिस्सेच्या सुरुवातीला म्हटल्या जाणाऱ्या एका क्षमायाचनेत विचार, शब्द आणि कृती यांच्यासोबत आणखी एक कबुली असते, करायचं राहून गेलेल्याची. मार्कशीटमध्ये हा कॉलमच नाही.

ग्रुप प्रोजेक्टमधला तो मित्र आठवतो? केटी लागल्यापासून कट्ट्यावर न दिसणारा? त्याचं तुम्ही काहीच वाईट केलेलं नाही. उलट प्रोजेक्टवर त्याचं नाव टाकलंत, त्याची प्रॉक्सीही मारलीत. फक्त ‘तू कसा आहेस?’ हे विचारायचं राहिलं. याने तुमचा रिझल्ट बिघडणार नाही. त्याची टर्म मात्र कशी गेली, ते तुम्हाला माहीत नाही.

म्हणून ट्रिपची बॅग भरण्याआधी पंधरा मिनिटं काढा. देव मानत असाल तर त्याच्यासमोर बसा, नसाल तर गच्चीत बसा. मोबाइल खालीच ठेवा. पहिल्या लेक्चरपासून एकेक महिना आठवत या. कशानंतर मन भरल्यासारखं वाटलं, कशानंतर रिकामं, एवढं बघितलंत तरी बरंच हाती लागेल. आणि आठवताना एखाद्या नावापाशी अडखळलात, तर पाचवी पायरी पुढच्या टर्मवर ढकलू नका. खाली या, मोबाइल घ्या आणि फोन लावा. ‘काय रे, आहेस कुठे?’ एवढ्याने सुरुवात होते.