पडद्याचं ऑपरेशन म्हणजे मोतीबिंदू नव्हे. घरी आल्यावर काय सांभाळाल?

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता गावोगावी ओळखीचं झालंय. आज ऑपरेशन, उद्या पट्टी काढली की दिसायला लागतं. त्यामुळं डोळ्याचा पडदा सरकला म्हणून ऑपरेशन झालेला माणूस घरी आला, की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "मग, दिसतंय का?" तो 'नाही' म्हणाला की घरचे घाबरतात. खरं तर या ऑपरेशननंतर सुरुवातीचे काही आठवडे नीट न दिसणं नेहमीचंच आहे.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पातळ पडदा असतो. त्याला छिद्र पडून मागं पाणी शिरलं की भिंतीचा पोपडा सुटावा तसा तो सुटतो. ऑपरेशनमध्ये डॉक्टर तो जागेवर बसवतात, छिद्राभोवती लेसर मारतात आणि पडदा दाबून धरायला डोळ्यात गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात. काहींना बाहेरून सिलिकॉनचा पट्टा लावतात. तुमच्या डोळ्यात यातलं काय आहे, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वी विचारून कार्डावर लिहून घ्या. पुढची सगळी पथ्यं त्यावर ठरतात.

गॅस असेल तर तो आपोआप विरतो. एका प्रकारच्या गॅसला दोन-तीन आठवडे लागतात, दुसऱ्याला ६ ते ८ आठवडे. तोवर धूसर दिसतं. मग वरच्या बाजूनं उजेड येतो आणि बाटलीतल्या पाण्यासारखी हलणारी रेघ दिसते. ती रोज थोडी खाली जाते. शेवटी शेवटी गोल बुडबुडे दिसतात. हे सगळं चांगलं लक्षण आहे.

खरी परीक्षा झोपण्याची असते. गॅसचा बुडबुडा वर जातो, म्हणून छिद्र जिथं असेल ती बाजू वर राहील असं डोकं ठेवावं लागतं. कुणाला पालथं, कुणाला एका कुशीवर. शेजारच्याला सांगितलेली पद्धत तुम्हाला चालेलच असं नाही. मान खाली ठेवायची असेल तर तासातली ५० मिनिटं तशी ठेवून १० मिनिटं मान मोकळी करायची, असं बऱ्याचदा सांगतात. छातीखाली उशी आणि कपाळाखाली गोधडीची गुंडाळी घेतली, की श्वासाला जागा राहते. उताणं मात्र झोपू नका.

आता घाटाचं. हे आपल्या भागात फार महत्त्वाचं आहे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि डोळ्यातला गॅस फुगतो. वाईहून पसरणी घाटानं पाचगणीला गेलं तर ५०० मीटरहून जास्त चढ होतो. मुंबईत ऑपरेशन करून खंडाळ्याचा घाट चढून येणाऱ्यांचंही तेच. गॅस फुगून डोळ्याचा दाब वाढला तर नजर कायमची जाऊ शकते. म्हणून 'माझं गाव घाटावर आहे' हे ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगा. गरज पडली तर खालीच नातेवाइकाकडं राहा. वाटेत डोळा ठणकायला लागला किंवा अंधारी आली तर गाडी वळवून खाली उतरा आणि दवाखाना गाठा. विमान तर गॅस विरेपर्यंत पूर्ण बंद. या काळात दुसरं कुठलं ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगा, कारण भुलीच्या एका वायूनंही तो फुगतो.

तेलाचं वेगळं. त्याला घाटाचा त्रास नाही, पण ते आपोआप जात नाही. बहुतेकांचं तीन ते सहा महिन्यांत दुसरं छोटं ऑपरेशन करून काढतात. 'आता दिसतंय, कशाला परत चिरफाड' म्हणून लोक तारीख टाळतात, तेच नडतं. तेल फार दिवस राहिलं तर दाब वाढतो, बुबुळाचा पुढचा भाग पांढरट होऊ शकतो. खर्चाची अडचण असेल तर पहिल्याच वेळी आरोग्यमित्राकडं महात्मा जोतिराव फुले योजनेत हे बसतं का, याची चौकशी करून ठेवा.

थोडं खुपणं, लाली, पाणी येणं चालतं. पण सहन न होणारं ठणकणं, उलट्या, पिवळी घाण, दिसत होतं ते अचानक कमी होणं, बाजूनं काळा पडदा सरकत येणं, नवीन ठिणग्या किंवा ठिपके दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी निघायचं. सोमवारची ओपीडी पाहत बसायचं नाही. साधारण दहातल्या एकाचा पडदा पुन्हा सुटतो. बऱ्याचदा तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत आत व्रण धरून ओढला जातो. वेळेत गेलं तर पुन्हा बसवता येतो.

थेंब स्वतःच्या मनानं बंद किंवा चालू ठेवू नका; स्टेरॉइडच्या थेंबांनी काहींचा दाब वाढतो, म्हणून तपासण्या असतात. डोक्यावरून अंघोळ, विहिरीत पोहणं, फवारणी, मळणीची धूळ, पोती उचलणं हे डॉक्टर सांगेपर्यंत बंद. पुढं त्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तर ऑपरेशन बिघडलं असं समजू नका. आतली जेली काढल्यावर तो बऱ्याच जणांना होतोच. नजर किती येईल हे पडद्याचा मधला भाग सुटला होता का आणि किती दिवस, यावर ठरतं. सुधारणा कित्येक महिने चालू राहते.

आणि तपासणीला जाल तेव्हा दुसरा डोळाही थेंब घालून बघायला सांगा. त्यात एखादं छिद्र सापडलं तर बऱ्याचदा नुसत्या लेसरवर भागतं.