पेट्रोलियम जेली : गुण, उपयोग आणि मर्यादा

थंडी सुरू झाली की घरोघरी पेट्रोलियम जेलीची डबी बाहेर निघते. आपण तिला सरसकट ‘व्हॅसलीन’ म्हणतो. मी कलाशाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. रसायनशास्त्र माझा विषय नव्हे. परंतु घरच्या एका अनुभवाने ही माहिती मिळवावीशी वाटली.

माझ्या आईचे आयुष्य अनवाणी कष्टात गेले. तिच्या टाचांना रक्त येईपर्यंत भेगा पडत. रोज रात्री ती कोरड्या टाचांवर जेली चोळी, पण गुण येत नसे. शेवटी डॉक्टरांनी विचारले, “आजी, आधी पाय भिजवता का?” सारे मर्म या प्रश्नात होते. जेली त्वचेला पाणी देत नाही. असलेले पाणी उडू देत नाही. ती झाकणासारखी आहे. भांडेच रिकामे असेल तर झाकण काय करणार? पाय कोमट पाण्यात भिजवून, टिपून, ओलसर असतानाच जेली लावून मोजे घालू लागल्यावर काही आठवड्यांत भेगा भरल्या.

१८५९ साली रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनतज्ज्ञ अमेरिकेतील टायटसव्हिल येथील तेलविहिरींवर गेला. तेथे पंपाच्या दांड्यांवर साचणारा मेणचट थर कामगार कापल्या-भाजल्यावर लावीत. तोच पदार्थ शुद्ध करून त्याने १८७२ साली पेटंट घेतले. म्हणजे हा गुण प्रथम ओळखला तो कष्टकऱ्यांनी!

जेली पाण्यात विरघळत नाही, तिला वास नसतो आणि ती खोबरेल तेलासारखी खवट होत नाही. म्हणून फुटलेले ओठ, बाळाच्या लंगोटाची जागा, किरकोळ खरचटणे यांवर ती उपयोगी पडते. स्कूटरच्या बॅटरीची टोके, कुलपे, कातडी चपला यांनाही ती हवा-पाण्यापासून जपते.

मात्र ती औषध नव्हे. जंतू मारत नाही. भाजल्यावर लगेच लावू नये. आधी वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे. नाकात रोज भरू नये. ती फुप्फुसात उतरल्यास अपाय होतो. मधुमेह असणाऱ्यांनी टाचेची भेग अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावी.

विद्यार्थी मित्रांनो, वस्तू स्वस्त असो वा महाग, ती कशी काम करते हे आधी विचारा. आईची वर्षानुवर्षांची वेदना एका प्रश्नाने थांबली.