पेन ड्राइव्हची खोटी क्षमता

पेन ड्राइव्हवर ६४ जीबी छापलेले असते, संगणकही तेवढीच जागा दाखवतो. मात्र काही दिवसांनी साठवलेली छायाचित्रे उघडेनाशी होतात. असा ड्राइव्ह बिघडलेलाच असेल असे नाही, तो बनावटही असू शकतो. आतील नियंत्रक चिपमध्ये फेरफार करून ८ जीबीची मेमरी ६४ जीबीची भासवली जाते. खरी जागा संपल्यावरही फाइलचे नाव यादीत दिसते, आतला मजकूर मात्र कुठेच उमटलेला नसतो.

हा बनाव ओळखण्यासाठी विंडोजवर जर्मनीतील ‘सीटी’ या संगणकविषयक नियतकालिकाचे ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हे मोफत सॉफ्टवेअर, तर लिनक्सवर ‘एफथ्री’ उपयोगी पडते. दोन्ही सॉफ्टवेअर ड्राइव्ह चाचणीच्या माहितीने काठोकाठ भरतात आणि तीच पुन्हा वाचून पडताळतात. मोठ्या ड्राइव्हला काही तासही लागतात. ड्राइव्हवर वाचण्याजोगे जे असेल, ते चाचणीपूर्वीच अन्यत्र उतरवून घ्यावे.

नुसत्या फॉरमॅटने हा दोष जात नाही. ‘चेकडिस्क’ फाइलींच्या नोंदी सावरते, क्षमता वाढवत नाही. ‘एफथ्री’च्या साहाय्याने खऱ्या क्षमतेपुरते विभाजन करता येते, मग तोच ड्राइव्ह ८ जीबीचा म्हणून गाणी ऐकण्यापुरता चालतो. लग्नाच्या छायाचित्रांसाठी मात्र तो वापरू नये.