कुंडीतला दारूगोळा

तुळशीचं एक पान खुडा, पण लगेच तोंडात टाकू नका. उजेडाकडे धरा आणि चांगल्या भिंगातून बघा. पानभर बारीक, चकचकीत ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या आहेत. एकेक पिशवी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीही नसते. खाली तेल बनवणाऱ्या मोजून चार पेशी, वर पातळ पापुद्रा आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत तेल. बोट घासलं की पापुद्रा फाटतो आणि तो ओळखीचा वास घमघमतो.

म्हणजे बोट लागेपर्यंत बहुतेक वास आत कोंडलेलाच होता! एवढा साठा पानानं कोणासाठी राखून ठेवलाय? आपल्या काढ्यासाठी तर नक्कीच नाही. पान कुरतडायला आलेल्या सहा पायांच्या आगंतुकासाठी तो आहे. त्यानं पहिला घास घेतला की पिशवी फुटते आणि तेल थेट त्याच्या तोंडात जातं.

त्या तेलात बऱ्याचदा युजेनॉल असतं. हेच लवंगेतही असतं, म्हणून तर दाढ ठणकली की आपण लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवतो. आपली दाढ बधिर करणारं हे द्रव्य किड्याचं काय करतं? किड्यांच्या शरीरात ऑक्टोपामिन नावाचं एक रसायन निरोप्याचं काम करतं. ऊठ, पळ, ठोके वाढव, असे तातडीचे हुकूम त्याच्याकडून जातात. आपल्याकडे हे खातं ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या भाऊबंदांकडे आहे. युजेनॉल नेमकं ऑक्टोपामिनच्या दारात जाऊन धुडगूस घालतं आणि ते दार आपल्या शरीरात जवळपास नाहीच! जे तेल झुरळाची मज्जासंस्था बिघडवतं, तेच आपण पानातून मजेत चघळतो. अर्थात हे पानापुरतं. बाटलीतलं अर्क काढलेलं तेल त्वचेला चांगलंच झोंबतं, आणि तंबाखूचं पाणी फवारण्याचा सल्ला देणाऱ्यांना तर हात जोडावेत. निकोटिनही झाडातच तयार होतं, पण त्याच्यासाठी आपल्या शरीरातली दारं सताड उघडी आहेत.

आता एक हिरमोड करणारी गोष्ट. खिडकीत गवती चहाची कुंडी ठेवली म्हणून डास येणार नाहीत, हे विसरा. गवती चहाचं तेल पात्याच्या आतल्या पेशींत बंद असतं. म्हणून तर चहात टाकताना आपण पात चुरगाळतो किंवा कातरतो. न दुखावलेली पात डासाच्या वाटेत कसलाच अडथळा आणत नाही. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हुंगत तो तिच्यावरून खुशाल आत येतो. पात चुरगाळून ठेवली तर थोडा वेळ फरक पडेल, पण ही तेलं उडून जाणारी आहेत आणि उडून गेली की कारभार संपला. उलट कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू दिलंत, तर डेंग्यूच्या डासासाठी पाळणाघरच उघडलंत म्हणून समजा. ताटली आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासून ठेवा. ते गवती चहाच्या दहा कुंड्यांपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

मग कोणती झाडं खरंच कामाची? मला सगळ्यात अचंबा वाटतो तो झेंडूचा. दसऱ्याला आपण त्याची फुलं तोडून तोरण करतो आणि झाड उपटून टाकतो. खरा पराक्रम त्या उपटलेल्या मुळांत असतो. मातीत सूत्रकृमी असतात. शेतकरी त्यांना निमॅटोडच म्हणतात. त्यातल्या मुळांवर गाठी करणाऱ्या जातीचं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं, पण ते टोमॅटोच्या मुळात घुसलं की मुळं गाठीगाठींची होतात आणि झाड भर पाण्यात सुकल्यासारखं दिसतं. तेच पिल्लू झेंडूच्या मुळात घुसलं, तर? तिथे अल्फा-टरथायनिल नावाचं गंधकयुक्त विष त्याची वाट बघत असतं. या विषाची तऱ्हा अशी, की उन्हात ते कैक पटींनी जहाल होतं, कारण प्रकाशाची ऊर्जा घेऊन ते हवेतल्या साध्या ऑक्सिजनलाच मारक बनवतं. आणि झेंडू ते तयार करून ठेवतो कुठे, तर जिथे उजेडाचा कवडसाही पोचत नाही तिथे! तरी काम भागतं, कारण अंधारातसुद्धा ते कृमीच्या अंगात शिरून त्याच्या पेशी पोखरतं.

टोमॅटोच्या कुंडीत शोभेला एक झेंडू खोचून मात्र हे साधत नाही. ज्या वाफ्यात त्रास आहे तिथे दोनेक महिने दाट झेंडू वाढवायचा, मग मुळांसकट मातीत गाडायचा आणि त्यानंतर भाजी लावायची. शेतात झेंडूची आणखी एक चाकरी असते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस आहे, की टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची 1 ओळ लावावी. फळ पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाला झेंडू इतका आवडतो, की तो टोमॅटो सोडून तिकडेच अंडी घालायला जातो.

काही झाडं तर नुसतं स्वतः लढत नाहीत, दुसऱ्यालाही हाक मारतात. 1990 साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी मक्याचं पान कापून पाहिलं आणि दुसरं अळीला खाऊ दिलं. अळीनं खाल्लेल्या रोपानं काही तासांत वेगळाच वास सोडायला सुरुवात केली. कापलेल्या पानाला अळीची लाळ लावली, तरी तोच वास! मका लाळ ओळखतो, आणि त्याच्या वासावर एक इवलीशी परोपजीवी माशी येते, जी त्या अळीच्या अंगात अंडी घालते.

अशा माश्या आपल्या गच्चीवरही येतात, पण पोटाला काही मिळालं तर टिकतात. यांचं तोंड आखूड, खोल फुलातला मध त्यांना पोचत नाही. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची फुलं पसरट, उघडी, मध अगदी वर. म्हणून कोथिंबिरीला तुरे आले की उपटायची घाई करू नका. दोन-चार काड्या फुलू द्या. मग मावा पडलेल्या मिरचीच्या पानाची खालची बाजू पाहा. हिरव्या माव्यात मधूनच एखादा फुगलेला, सोनेरी, कागदी कवचासारखा दिसेल. माशीच्या पिल्लानं त्याला आतून खाऊन संपवलेलं असतं, आणि कवचाला गोल भोक असेल तर नवी माशी बाहेर पडून कामाला लागलीसुद्धा. भोक नसलेली कवचं दिसली, तर त्या फांदीवर ना साबणाचं पाणी मारायचं, ना निंबोळी अर्क. आठवडाभर वाट बघा आणि रोज सकाळी सोनेरी कवचं मोजा.