वाटणीत न मावणारं कुरण

केनियात नैरोबीला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानाला दक्षिणेकडून सलग कुंपण नाही. पावसाळ्यात इथले झेब्रे आणि विल्डबीस्ट त्या बाजूने अथी-कापितीच्या मैदानात उतरत, आणि मासाई या पशुपालक समाजाची गुरंही तिथेच चरत. आज त्या मैदानात कितेंगेला हे शहर आहे: बहुमजली इमारती, हार्डवेअरची दुकानं, बिगरशेती प्लॉटच्या पाट्या. ही जमीन मासाईंनीच विकली, असं नैरोबीत सहज बोललं जातं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

१९०४च्या करारात ब्रिटिशांनी मासाईंना रिफ्ट व्हॅलीतल्या उत्तम कुरणांवरून उठवलं. त्या बदल्यात लाइकिपिया आणि दक्षिणेचा राखीव मुलूख दिला आणि तो कायमचा तुमचाच असेल, असं वचन दिलं. सात वर्षांतच, १९११च्या करारानं लाइकिपियाही काढून घेतलं. मासाई कोर्टात गेले. १९१३च्या निकालाचा तर्क आजही थक्क करतो: मासाई हे परकं राज्य आहे, तेव्हा त्यांच्याशी झालेला तह इथल्या कोर्टाच्या कक्षेत येत नाही! ज्यांच्यावर हुकूम चालवायचा, तेच कज्जापुरते परके ठरले.

स्वातंत्र्यानंतर १९६८च्या कायद्यानं ‘ग्रुप रँच’ आले. ठरावीक हद्द, सभासदांची यादी आणि कारभाराला निवडलेले प्रतिनिधी, अशी ही सामाईक मालकी. गुरांची संख्या आटोक्यात राहील, कर्ज मिळेल, बाजाराला जनावरं जातील, असा सरकारचा आणि जागतिक बँकेचा हिशेब होता. मासाई पुढाऱ्यांनी होकार दिला तो मुख्यतः दुसऱ्या कारणासाठी. कागद हातात असला तर बाहेरचे लोक जमीन बळकावणार नाहीत, असं त्यांना वाटलं.

धोका मात्र घरातूनही आला. समितीतले वजनदार लोक आप्तांना तुकडे काढून देऊ लागले. वयात आलेल्या पोरांना यादीत नाव हवं होतं, पण नावं वाढली की प्रत्येकाचा हिस्सा घटणार. त्यामुळे १९८०च्या दशकात वाटणीची मागणी जोर धरू लागली, तेव्हा ती करणाऱ्यांत सामान्य मासाईही होते. उरलंसुरलं कुणी गिळण्याआधी आपलं आपल्याला मिळावं, इतकाच त्यांचा विचार. त्याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. वाटणी झाली तेव्हा बऱ्याच ठिकाणी मोठे आणि पाण्याजवळचे तुकडे समितीवाल्यांकडेच गेले. बायकांची नावं तर यादीतच क्वचित होती.

पण या मुलखात पाऊस हद्द पाहून पडत नाही. एका टेकडीवर गवत गुडघाभर, पलीकडे नुसता फुफाटा. जिकडे ढग तिकडे गुरं, हाच इथला विमा होता. दीडशे एकरांचा मालक कागदावर बडा जमीनदार दिसतो, पण त्या दीडशे एकरांवर यंदा पाऊसच झाला नाही तर? मग तो शेजाऱ्याचं गवत पैसे मोजून घेतो, नात्यात चराईची अदलाबदल करतो, नाहीतर शाळेच्या फीसाठी रस्त्याकडचा पट्टा विकतो. कळप बदलले: गायींपेक्षा शेळ्या-मेंढ्यांवर भर आला, कुठे कुठे मूळच्या पंजाबातल्या साहिवाल जातीचे वळूही आले. २००९च्या दुष्काळात मासाई गुरं घेऊन नैरोबीच्या रस्त्याकडेच्या हिरवळीवर आले, तेव्हा शहरवासी चिडले. हे शहर ज्या माळावर वसलं, तिथे एके काळी मासाईंचेच कळप चरत.

मासाई मारा अभयारण्याभोवती वेगळाच खेळ रंगला. कोइयाकी ग्रुप रँचची वाटणी झाली आणि लगेच २००६पासून ओलारे ओरोकसारख्या ‘कन्झर्व्हन्सी’ उभ्या राहिल्या. शेजारशेजारचे मालक आपापले तुकडे एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाड्याने देतात, आणि गुरं नेमून दिलेल्या काळातच आत सोडतात. म्हणजे मोजणी करून, दगड रोवून तोडलेली जमीन पुन्हा जोडली जाते, फक्त या वेळी सिंह पाहायला येणाऱ्यांसाठी. भाडं बँकेत जमा होतं, महिन्याच्या महिन्याला. दुष्काळात ते घर तारतं, हेही मान्य करायला हवं. पण २०२०मध्ये विमानं थांबली तेव्हा त्या पैशालाही गळती लागली. शिवाय भाडं ज्याच्या नावावर जमीन त्यालाच. दूध काढणारीला, विधवेला किंवा धाकट्या भावाला त्यात थेट वाटा नाही.

२०१०च्या राज्यघटनेनं सामुदायिक जमिनीला मान्यता दिली. २०१६च्या कायद्यानं ग्रुप रँचचा जुना कायदा रद्द केला आणि प्रौढ बायकांसह सगळ्यांना समुदायाच्या सभेत जागा दिली. काजियादो परगण्यातल्या बऱ्याच ग्रुप रँचचे तुकडे तोवर पडून गेले होते.