जुना मधुमेह : औषध आहे, देखरेख नाही

मधुमेही माणसाच्या आयुष्यात कधी कधी एक फसवा आनंदाचा काळ येतो. बारा-पंधरा वर्षे गोळ्या घेऊन झालेल्या असतात, साखर कधीच मनासारखी आटोक्यात आलेली नसते, आणि एकाएकी ती उतरू लागते. गोळ्या त्याच, जेवण तेच, तरी तपासणीचा आकडा दर वेळी खाली येतो. घरची मंडळी समाधान मानतात. कोणी सुचविलेल्या जांभळाच्या बियांच्या चूर्णाला त्याचे श्रेयही देऊन टाकतात. मग एके दिवशी पहाटे तो गृहस्थ घामाने थबथबलेला, असंबद्ध बोलत असलेला आढळतो. रुग्णालयात नेल्यावर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली गेल्याचे कळते, आणि पाठोपाठ दुसरी गोष्टही कळते : त्याची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत. इन्शुलिनचा आणि साखर उतरविणाऱ्या काही जुन्या गोळ्यांचा निचरा बऱ्याच अंशी मूत्रपिंडांवर अवलंबून असतो. तीच थकली की औषध शरीरात रेंगाळते आणि नेहमीची मात्रा अधिक ठरू लागते. साखर सुधारली नव्हती. रोग पुढे सरकला होता.

हे वेळीच ओळखायला फार काही लागत नाही. वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासावे लागते, आणि ते आकडे गेल्या वर्षीच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहणारा जाणता डॉक्टर लागतो. यांपैकी तपासणी आज पुष्कळ तालुक्यांच्या गावी होऊ शकते. डॉक्टरच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही, आणि जुन्या मधुमेहाच्या प्रश्नाचे मूळ नेमके तेथे आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. शहरांत प्रौढांमधील प्रमाण १६.४ टक्के, तर खेड्यांत ८.९ टक्के. सर्वांत वरचा क्रमांक गोव्याचा असून तेथे ते २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांत एकाहून अधिक, असे आढळले. या आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. तथापि आज ज्यांच्या रोगाचे निदान होत आहे, ते सर्वजण दहा-पंधरा वर्षांनी जुने मधुमेही होणार आहेत, हा विचार त्या चर्चेत अभावानेच डोकावला. नवा मधुमेह आणि जुना मधुमेह यांचे नाव एक असले तरी वैद्यकीय दृष्ट्या त्यांच्या गरजा फार वेगळ्या आहेत.

वस्तुतः दीर्घकालीन मधुमेह ही वैद्यकशास्त्राच्या यशातून उभी राहिलेली समस्या आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचण्यात आले. त्यापूर्वी अशा मुलांचे आयुष्य निदानानंतर फार तर वर्ष-दोन वर्षांचे असे. थॉम्प्सन पुढे तेरा वर्षे जगला. इन्शुलिनने तातडीचा मृत्यू टळला आणि वैद्यांपुढे एक नवाच रोगी आला : वीस-तीस वर्षे मधुमेहासह जगणारा. त्याचे डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या हळूहळू झिजतात, हे त्यानंतरच्या दशकांत स्पष्ट झाले. ही झीज साखरेच्या कडक नियंत्रणाने पुष्कळ रोखता येते, याचा निर्विवाद पुरावा अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासाने १९९३ साली आणि ब्रिटनमधील दुसऱ्याने १९९८ साली दिला. म्हणजे काय करावे, याविषयी आता शंका उरलेली नाही. ते कोणी करावे, एवढेच आपल्याकडे ठरलेले नाही.

तालुक्याच्या गावातील एखाद्या माध्यमिक शिक्षकाचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. चाळिशीत मधुमेह निघाला, आता निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली आहे. दर महिन्या-दोन महिन्यांनी ते उपाशीपोटी आणि जेवणानंतर अशी साखर तपासून घेतात, कुटुंबाच्या डॉक्टरांना कागद दाखवितात आणि जुन्या चिठ्ठीवरच गोळ्या आणतात. या पंधरा वर्षांत त्यांचे मोजे कोणी काढायला लावलेले नसतात. डोळ्यांत थेंब घालून, बाहुली मोठी करून दृष्टिपटल पाहिलेले नसते. चष्म्याचा नंबर मात्र दोनदा बदललेला असतो, आणि त्यामुळे डोळे तपासून झाले आहेत अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. दृष्टिपटलावरील विकार आरंभी दृष्टीला मुळीच बाधा आणीत नाही. डोळ्यांपुढे काळी जाळी तरंगू लागते तेव्हा आत रक्तस्राव होऊन गेलेला असतो. योग्य वेळी केलेल्या लेसर उपचाराने अंधत्व मोठ्या प्रमाणावर टळते, हे १९७० च्या दशकातच सिद्ध झाले आहे.

पायाची कथा याहून करुण आहे, कारण ती संपूर्णपणे टाळता येण्याजोगी असते. तळपायाची संवेदना जाते, पण ती गेल्याचे त्या माणसाला कळत नाही. वेदना हीच पहारेकरी होती आणि तिनेच नोकरी सोडलेली असते. मग चपलेत अडकलेला खडा दिवसभर रुततो. वैशाखातल्या दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा होते आणि संध्याकाळी तळव्याला फोड दिसतो. पाय बधिर वाटतात म्हणून कोणी गरम पाण्याचा शेक देतो आणि कातडी भाजून निघते. कुरूप झाले तर ते घरीच ब्लेडने कापण्याची आपल्याकडे सरसकट रीत आहे. या लहानशा जखमेकडे दुखत नाही म्हणून आठवडाभर दुर्लक्ष होते, आणि नंतर गँग्रीन, शस्त्रक्रिया, तुटलेला पाय. संवेदना आहे की नाही हे पाहण्याचे साधन म्हणजे दहा ग्रॅम दाबाला वाकणारी नायलॉनची एक बारीक तार. तळव्यावर ठराविक जागी ती टेकवायची आणि डोळे मिटून बसलेल्या रुग्णाला स्पर्श कळतो का, हे विचारायचे. दोन्ही पायांना मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत. एखादी परिचारिका हे काम एका दिवसात शिकू शकते.

मग तज्ज्ञाची गरजच काय, असा प्रश्न येथे कोणी करील. गरज आहे ती या तपासण्यांचा अर्थ लावण्यासाठी. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी आता सर्वत्र होते. परंतु रुग्णाच्या अंगात रक्त कमी असेल तर तो आकडा दिशाभूल करू शकतो, आणि आपल्याकडे, विशेषतः स्त्रियांमध्ये, रक्तक्षय ही नित्याची बाब आहे. सत्तरीच्या माणसाची साखर तिशीच्या माणसाइतकी खाली आणण्याचा अट्टाहास धोक्याचा असतो. गोळ्या सोडून इन्शुलिन केव्हा सुरू करावे, हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असता कोणते औषध निवडावे, हे निर्णय गर्दीच्या दवाखान्यात, रुग्ण उभा असताना घेण्याचे नव्हेत. अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांत एम. डी. नंतर तीन वर्षांचे उच्च शिक्षण घेतलेले डॉक्टर थोडे आहेत आणि ते मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांतच एकवटले आहेत. ‘मधुमेहतज्ज्ञ’ अशी पाटी मात्र गावोगाव दिसते. तिच्यामागे कोठे अनेक वर्षांचा अनुभव असतो, तर कोठे काही महिन्यांचे प्रमाणपत्र. पाटी वाचणाऱ्याला त्यातला फरक कळण्याची सोय नाही.

औषधे मिळत नाहीत अशी तक्रार आता पूर्वीइतकी करता येणार नाही. नेहमीच्या गोळ्या सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात, जनऔषधी दुकानांत स्वस्त मिळतात. मूत्रपिंड आणि हृदय या दोहोंचे रक्षण करणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले आणि साठ रुपयांच्या घरातील गोळी अनेक भारतीय कंपन्यांनी त्याच्या लहानशा अंशाने बाजारात आणली. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या पगारातही ती आता बसते. पण ती कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये, आणि सुरू केल्यावर कशावर लक्ष ठेवावे, हे सांगणारा माणूस स्वस्त झालेला नाही.

पैशाची व्यवस्था तर उफराटीच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना यांनी लाखो कुटुंबांना आधार दिला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु या योजनांचा सारा भर मोठ्या आणि ठरवून दिलेल्या उपचारांवर आहे. मूत्रपिंडे गेली की डायलिसिसचा खर्च त्यांतून होऊ शकतो, पाय सडला की शस्त्रक्रियेचा होऊ शकतो. पण तो पाय सडू नये म्हणून तज्ज्ञाकडे घातलेल्या वार्षिक खेपेला त्यांत जागा नाही. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार विनाशुल्क केले, हे स्वागतार्हच होते. तथापि केसपेपरचे पैसे वाचले तरी एस. टी. चे भाडे, बुडालेली रजा आणि रांगेत उभे राहण्यासाठी सोबत आणलेल्या मुलाची बुडालेली मजुरी वाचत नाही. आणि रांगेच्या शेवटी भेटणारे डॉक्टर बहुधा मागच्या वेळचे नसतातच.

सरकारी कार्यक्रमाने तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी हाती घेतली आहे. तिच्यातून रोगी सापडतात, नोंदले जातात, गोळ्या घेऊन जातात. मोजदाद मुख्यतः याचीच होते. किती जणांचे दृष्टिपटल पाहिले, किती जणांचे पाय, हे आकडे त्याच आग्रहाने मागितले जाऊ लागले तर खालच्या यंत्रणेचे वर्तन बदलल्यावाचून राहणार नाही. कारण वरून जे विचारले जाते तेच खाली केले जाते, हा आपल्या प्रशासनाचा स्वभाव आहे. इटलीतील सेंट व्हिन्सेंट येथे १९८९ मध्ये जमलेल्या युरोपीय देशांच्या प्रतिनिधींनी आणि रुग्णसंघटनांनी नेमके हेच केले होते. मधुमेहामुळे होणारे अंगच्छेद निम्म्याने आणि नवे अंधत्व एक तृतीयांशाने कमी करावे, अशी मोजता येणारी उद्दिष्टे त्यांनी ठरविली.

तज्ज्ञ कमी आहेत, ही वस्तुस्थिती एका रात्रीत बदलणार नाही. पण प्रत्येक रुग्णाने तज्ज्ञापर्यंत गेलेच पाहिजे, असेही नाही. केरळात ‘नयनामृतम्’ या उपक्रमात कुटुंब आरोग्य केंद्रांत दृष्टिपटलाची छायाचित्रे घेऊन ती दूरच्या नेत्रतज्ज्ञांकडून वाचून घेतली जातात. विकार दिसेल त्यालाच प्रवास करावा लागतो. हीच रीत पायाच्या आणि लघवीच्या तपासणीलाही लावता येईल. परिचारिकेने मधुमेही रुग्णांची वर्षातून एकदा ठरल्या वारी तपासणी करून आकडे वहीत मांडावेत, आणि जिल्ह्याच्या फिजिशियनने महिन्यातून एक दिवस उपजिल्हा रुग्णालयात येऊन, ज्यांचे आकडे बिघडले आहेत तेवढ्यांनाच, प्रत्येकी वीस मिनिटे देऊन पाहावे. यासाठी नवी इमारत नको, नवे खातेही नको. फिजिशियनची जागा भरलेली असणे आणि तो दिवस शिबिरे, बैठका व बंदोबस्त यांत न जाणे एवढे मात्र हवे, आणि तेच कठीण आहे.

रुग्णाकडेही यातला काही भाग येतो. लंडनमध्ये १९३४ साली मधुमेहींची संघटना स्थापन झाली ती आर. डी. लॉरेन्स हे डॉक्टर आणि एच. जी. वेल्स हे लेखक यांच्या पुढाकाराने, आणि हे दोघेही स्वतः मधुमेही होते. आपल्याकडे निवृत्त शिक्षकांचे मेळावे भरतात, पतपेढ्यांच्या वार्षिक सभा होतात. त्या दिवशी सभागृहाच्या बाहेर एक खुर्ची, एक परिचारिका आणि नायलॉनची ती तार ठेवली, तर दुपारच्या जेवणापर्यंत पन्नास जणांचे पाय पाहून होतील. त्यांतील काही जणांना तार टेकल्याचे कळणार नाही. त्यांची नावे लिहून घ्यावी लागतील, आणि ती यादी घेऊन जायला उपजिल्हा रुग्णालयात कोणीतरी असावे लागेल.