तेलाखालचा हिरवा दगड

पेटी उघडली तेव्हा आधी वास आला, जुन्या, घट्ट झालेल्या तेलाचा. आतल्या धार लावायच्या दगडाचा रंग कळत नव्हता. शिक्का नाही, चिठ्ठी नाही. इंग्लंडमध्ये लफबराजवळच्या रविवारच्या बाजारात लोक गाडीच्या डिकीत घरातलं जुनं सामान आणून विकतात. तिथे गंजलेल्या रंध्यांच्या ढिगात तो पडला होता. विकणाऱ्या आजोबांनी पाच पौंड सांगितले, मी दिले.

माझे आबा नाभिक. कराडजवळच्या आमच्या गावात त्यांची धोकटी खांद्याला लावून मी घरोघर हिंडलो आहे. तिच्यातला दगड मधोमध झिजून होडीसारखा झाला होता. तो कुठल्या खाणीतला, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. आता आबाही नाहीत आणि दगडही नाही. म्हणून असेल, पण बिननावाचा दगड दिसला की माझ्याच्याने तो तिथे ठेवून पुढे जाववत नाही.

वस्तऱ्याच्या दगडांना गावं असतात. बेल्जियमच्या आर्देन डोंगरातला पिवळसर कोटिक्यूल, जर्मनीतल्या थुरिंगियातली मऊ पाटी, अमेरिकेतल्या आर्कान्सातला जवळजवळ निव्वळ गारेचा दगड, क्योटोच्या डोंगरातले जपानी दगड. पेटीवर मात्र विसंबू नये. तिच्यावर कोरलेलं नाव बहुधा मालक सुताराचं असतं, आणि एकाच्या पेटीत दुसराच दगड हेही नेहमीचंच.

तीन दिवस तो भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात ठेवला. रोज काळं पाणी ओतायचं, जुन्या दातब्रशने घासायचं. उकळायचा मोह टाळावा. जुना दगड तडकतो. तासून सपाट करायची घाईही नको, कारण पाठीवरच्या करवतीच्या खुणा हाच त्याचा दाखला असतो. चौथ्या दिवशी ओल्या दगडावर राखट हिरवा रंग उमटला आणि त्यात तिरप्या, लालसर तपकिरी रेषा. माणसाने भट्टीत भाजून केलेल्या दगडाचा कण सगळीकडे सारखा असतो, त्यात अशा रेषा नसतात. तेव्हा हा खाणीतलाच.

मग वजन. कोरडा दगड भरला 612 ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणला आणि दगड दोऱ्याने पाण्यात लोंबता सोडला. पुरता बुडाला पाहिजे, पण तळाला लागता कामा नये. काट्याने 223 दाखवले. म्हणजे तेवढं पाणी त्याने बाजूला सारलं. 612 भागिले 223, आले 2.74. या एका आकड्याने बरेच उमेदवार गळाले. आर्कान्साचा गारेचा दगड याहून हलका असतो. कोटिक्यूलमध्ये गार्नेटचे बारीक कण ठासून भरलेले, त्यामुळे तो जड. उरल्या पाटीच्या जातीच्या दगडांची बरीचशी मंडळी.

पाटीचा निकाल हाताने लावायचा. थुरिंगियाचा दगड सहाणेवर गंध उगाळावं तसा उगाळता येतो. थोडं घासलं की पांढरट दूध सुटतं. मी मागच्या कोपऱ्यात हिऱ्याची पट्टी घासली, बराच वेळ घासली, तरी पाणी जेमतेम गढूळ झालं. सुरीच्या टोकाने ओढून पाहिलं तर दगडावर ओरखडा नाही, उलट सुरीचंच पोलाद राखाडी रेघ ठेवून गेलं.

कठीण, हिरवा, लाल रेषांचा, तेलावर वापरलेला. एवढं जुळल्यावर मी खिडकीबाहेर पाहिलं. लफबराच्या नैर्ऋत्येला चार्नवूडच्या टेकड्या आहेत आणि तिथे व्हिटल हिल नावाची जुनी खाण आहे. तिथून निघालेले दगड चार्नली फॉरेस्ट या नावाने विकले जात. सुतार आणि न्हावी दोघेही ते वापरत. म्हणजे हा दगड जन्मगावापासून फार तर तासाभराच्या चालीवर विकला जात होता!

हा खडक मुळात ज्वालामुखीची राख. पन्नास कोटी वर्षांहून आधी ती समुद्राच्या तळाशी थराथराने बसली आणि दाबाने कठीण झाली. राख इतकी बारीक की याच टापूतल्या खडकांत मऊ शरीराच्या जिवांचे ठसेही टिकून राहिले. 1956 मध्ये टीना नेगस या शाळकरी मुलीला नेच्याच्या पानासारखा एक ठसा दिसला. खडक एवढे जुने की त्यात जीवाश्म असूच शकत नाही, असं तिला सांगण्यात आलं. पुढच्या वर्षी रॉजर मेसन या मुलाने त्याचा कागदावर ठसा घेतला आणि जगाला चार्निया माहीत झाला. ज्या बारीकपणाने तो जीव जपला, तोच बारीकपणा पोलादाला धार देतो, हे मला फार मोठं वाटतं.

तरी एक शंका राहते. वेल्समधल्या लिन इडवल तळ्याकाठी असेच हिरवट, कठीण दगड काढत. दोघांत गल्लत होते. माझा कौल लाल रेषांमुळे चार्नलीला. वहीत मात्र नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं आहे, आणि विकणारे असं प्रश्नचिन्ह ठेवत नाहीत याचा मला राग येतो, कारण नुसत्या नावाने किंमत कितीतरी वाढते.

शेवटची परीक्षा वस्तऱ्याची. दोन थेंब पातळ तेल. वस्तरा आडवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. धार पुढे ठेवून ढकलायचा, टोकाला पोचला की पाठीवर उलटायचा, धारेवर कधीच नाही. दगड अतिशय सावकाश काम करतो. शंभर फेऱ्यांनंतर भिंगातून धारेकडे पाहिलं तर आधीच्या दगडाच्या रेघा अजून दिसत होत्या. दीडशेच्या पुढे त्या पुसट झाल्या, आवाजही बदलला. खरखर जाऊन रेशमी सळसळ यायला लागली. चामड्यावर तीसेक हात मारले आणि मनगटावर फिरवला. केस नुसत्या स्पर्शाने गळून पडले.

रात्री गावी, घरी अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लाल रेघा हाताला लागतात का? नख फिरवून बघ. लागल्या तर धारेला दाते पडतील." मी नख फिरवलं. लागत नव्हत्या.

"मग येताना घेऊन ये," ते म्हणाले. "आबांचा वस्तरा माळ्यावर आहे अजून."